कृत्रिम माशीचा गळ

गळानें मासे धरणें ही विद्या डहाणू-तलासरीकडील मुलांस शाळेंत शिकवावी लागत नाहीं. आगरासारख्या किनाऱ्याकडील गांवचा मुलगा खाडीच्या कांठीं, आणि पाड्यावरचा मुलगा ओढ्याच्या डोहापाशीं, वडील माणसांचें पाहून ती आपोआप शिकतो. परंतु त्याच्या गळास गांडूळ, कोळंबीचा तुकडा किंवा कणकेची गोळी असते. म्हणजे माशापुढें खरेंखुरें खाद्य ठेवलेलें असतें. ज्या गळावर खाण्याजोगें कांहींच नाहीं, केवळ थोडा दोरा आणि कोंबड्याचें एक पीस आहे, अशा गळास मासा कां लागतो, आणि तसा गळ घरीं कसा करावा, हें आम्ही येथें सांगणार आहों.

आरंभींच एक खुलासा केला पाहिजे. आपल्या भाषेंत मासा व माशी हे शब्द इतके शेजारीं आहेत कीं "माशांना" म्हटलें म्हणजे नेमकें कोणाला, हें ऐकणारास कळत नाहीं. म्हणून या लेखांत "माशी" म्हणजे गळावर बांधलेली खोटी माशी समजावी. खऱ्या माशीस आम्ही कीटक म्हणूं.

ही युक्ति फार जुनी आहे. इ. स. २०० च्या सुमारास ईलियन नांवाच्या रोमन ग्रंथकारानें मॅसिडोनिया देशांतील मासे धरणाऱ्या लोकांचें वर्णन लिहून ठेविलें आहे. तेथील नदीवर एक कीटक तरंगे व मासे तो मोठ्या आवडीनें खात. पण मनुष्याच्या हाताचा स्पर्श होतांच त्याचा रंग उडे, पंख चुरगळत, आणि मग मासा त्यास तोंड लावीत नसे. तेव्हां त्या लोकांनीं गळाभोंवतीं तांबडी लोकर गुंडाळली, तिजवर कोंबड्याच्या गळ्याखालचीं दोन पिसें बांधलीं, आणि काम साधलें. पुढें इंग्लंडांत १४९६ सालीं या विषयावर एक निबंध छापून निघाला. त्यांत बारा प्रकारच्या माशा सांगितल्या आहेत.

युरोपांत हा खटाटोप मुख्यतः ट्राउट नांवाच्या माशासाठीं चालतो. हा मासा मूळचा आपल्या देशांतला नव्हे. निलगिरीवर तो आणण्याचे प्रयत्न १८६० नंतरच्या दशकांत सुरू झाले, ते पुष्कळ वर्षें साधले नाहींत. १९०७ सालीं ॲव्हलांच येथें अंडीं उबविण्याची सोय झाली आणि त्याची वस्ती टिकली. काश्मिरांत तो १९०० सालीं आला. आपल्या जिल्ह्यांत मात्र त्याची आशा करूं नये. त्याला थंड पाणी लागतें, कारण थंड पाण्यांत प्राणवायु अधिक विरघळतो. पाण्याची उष्णता २० अंशांच्या बरीच वर गेली कीं तो कासावीस होतो. सूर्या नदींत सोडलेला ट्राउट एक वैशाखहि पाहणार नाहीं.

परंतु ट्राउट नाहीं म्हणून माशी निरुपयोगी ठरत नाहीं. मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनीं १८७३ सालीं हिंदुस्थानांतील गळाच्या मासेमारीवर इंग्रजींत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत आपल्या नद्यांतील लहान रुपेरी मासेहि माशीला लागतात असें त्यांनीं दाखविलें आहे. सह्याद्रींतून उतरणाऱ्या नद्यांत बोटभर-वीतभर लांबीचे असे मासे असतात. कार्तिकांतल्या एखाद्या संध्याकाळीं कासा गांवाजवळ सूर्येच्या कांठीं बसून पाहावें. निवळ पाण्यावर थेंब पडल्यासारखीं वर्तुळें उठतात, आणि आकाश तर निरभ्र असतें. तीं वर्तुळें कीटक टिपणाऱ्या माशांचीं होत.

आतां तो मासा काय पाहतो, याचा विचार करूं. कारण सारी कला येथेंच आहे. दहावीच्या वर्गांत प्रकाशाचें वक्रीभवन शिकलेल्या मुलांस हें सहज समजेल. पाण्यांतून वर पाहणाऱ्या माशाला वरचें सारें जग सुमारें ९७ अंशांच्या एका शंकूंतून दिसतें. मासा एक हात खोल असेल, तर त्याच्या डोक्यावर पाण्याच्या पृष्ठावर सव्वादोन हात व्यासाची एक गोल खिडकी असते. आकाश, झाडें, कांठ, सर्व त्या खिडकींत दाटीवाटीनें बसलेलें असतें. खिडकीबाहेर पृष्ठभाग आरशासारखा असतो व त्यांत तळाचेंच प्रतिबिंब दिसतें. यांतून दोन गोष्टी निघतात. कांठावर ताठ उभा राहिलेला मनुष्य खिडकीच्या कडेला दिसतो. खालीं बसलेला बहुधा दिसत नाहीं. आणि माशी पृष्ठावर पडली म्हणजे माशाला ती खालून, उजेडाच्या आड दिसते; तिचा आकार व लांबी त्यास आधीं कळते, रंग मागाहून. बाजारांत मिळणाऱ्या झगझगीत माशा पाहून आमचा तर असा ग्रह झाला आहे कीं, त्यांतल्या पुष्कळशा मासे धरण्यासाठीं नसून गिऱ्हाइकें धरण्यासाठीं केलेल्या असतात. आपली माशी कशी साधली आहे हें पाहावयाचें असेल तर कांचेच्या पेल्यांत पाणी भरून तींत ती टाकावी, पेला डोळ्यांच्या वर धरावा, आणि तळांतून पाहावें.

माशी बांधण्यास साहित्य थोडें लागतें. डोळा असलेला लहान गळ, ज्याचा दांडा सुमारें १ सेंटिमीटर आहे, शिवणाचा तपकिरी किंवा काळा रेशमी दोरा, मेणाचा खडा, कात्री, आणि कोंबड्याच्या मानेवरचें एक लहान पीस. शेगडा नसला तर साध्या पकडींत गळ त्याच्या वाकणाशीं धरावा व पकडीच्या मुठींस रबराचें वेटोळें घालावें, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

दोऱ्यास मेण चोळावें, नाहींतर तो दांड्यावरून घसरतो. गळाच्या डोळ्यामागें दोन मिलिमीटर जागा सोडून गुंडाळण्यास आरंभ करावा, दोऱ्याचें मोकळें टोंक पहिल्या वेढ्यांखालीं दाबावें, आणि वेढ्यास वेढा लागून वाकणापर्यंत जाऊन तसेंच परत यावें. हें झालें कीटकाचें शरीर. मग पिसाच्या देठाकडील मऊ कापूस काढून टाकावा. उरलेल्या पिसाचे केंस गळाच्या टोंकापासून दांड्यापर्यंतच्या अंतराच्या दुप्पट असावेत, त्याहून लांब नसावेत. देठ डोळ्यामागें तीन वेढ्यांनीं बांधून पिसाचें टोंक चिमटींत धरावें व दांड्याभोंवतीं दोन फेरे द्यावेत. केंस चोहोंकडे पायांसारखे पसरतात. तिसरा फेरा देण्याचा मोह होतो, तो आवरावा. खऱ्या कीटकाला पाय सहाच असतात. पिसाचें टोंक दोऱ्यानें बांधून कापावें, केंस किंचित् मागें सारावे, आणि तीन-चार अर्ध्या गांठी मारून वर नखांच्या रंगाचा एक थेंब लावावा. शिकणाराची बहुधा येथेंच माशी शिंकते: डोळ्यापाशीं इतकी गर्दी होते कीं पुढें दोरा ओंवावयास छिद्रच उरत नाहीं. आरंभीं सोडलेले दोन मिलिमीटर त्यासाठीं होते.

काठी कळकाची, दोन माणसें उंच, शेंड्याकडे बारीक व लवचिक असावी. तिच्या शेंड्यास काठीएवढीच लांब दोरी बांधावी. जपानांतील डोंगरी नद्यांवर टेनकारा नांवाची जी पद्धति आहे तींतहि चाक नसतें, दोरी काठीच्या शेंड्यासच असते. दोरीचा पहिला भाग जाडसर असावा व शेवटचे दोन हात अगदीं बारीक तंगूस असावें. याचें कारण असें कीं माशीला वजन नसतें. गांडुळाचा गळ आपल्या भारानें जातो. माशीचा गळ दोरीच्या भारानें जातो. म्हणून काठी मागें नेल्यावर क्षणभर थांबावें, दोरी पाठीमागें सरळ झाली कीं मगच पुढें सोडावी. घाई केली तर चाबकासारखा आवाज होतो आणि माशी तुटून जाते.

मासे प्रवाहाकडे तोंड करून उभे असतात. यास्तव खालच्या बाजूनें त्यांच्या पाठीमागून जावें व माशी वरच्या अंगास टाकावी. ती पाण्याबरोबर पाण्याच्याच वेगानें वाहत आली पाहिजे. दोरीनें ओढली जाऊन ती पाण्यावर रेघ काढूं लागली कीं मासा तिजकडे पाहणार नाहीं, कारण प्रवाहाविरुद्ध धांवणारा मेलेला कीटक त्यानें कधीं पाहिलेला नसतो. वर्तुळ उठतांच केवळ मनगट उचलावें. मासा खोटें खाद्य एका पळांत थुंकून टाकतो.

पालकांनीं मुलांस टोपी व चष्म्याशिवाय ही दोरी फिरवूं देऊं नये, कारण मागें आलेला गळ डोळ्यांत जाऊं शकतो. सूर्येवर धामणीचें धरण आहे. त्यांतून पाणी सुटलें कीं पात्र अकस्मात् भरतें, हेंहि त्यांस सांगून ठेवावें.

एवढा खटाटोप करून वीतभर मासा मिळावयाचा, तर जाळें काय वाईट, असें कोणी विचारील. पोट भरणाऱ्या कोळ्याला जाळेंच पाहिजे, त्याविषयीं वाद नाहीं. परंतु डोहांत सुरुंगाचे तोटे टाकून किंवा पाण्यांत विष कालवून मासे धरण्याची चाल जी ठिकठिकाणीं दिसते, तिच्यांत अंगठ्याएवढें पिल्लू व अंड्यांनीं भरलेली मादी एकाच वेळीं मरते, आणि तो डोह पुढें मुका होतो. १८९७ च्या कायद्यानें या दोन्ही गोष्टी गुन्हा ठरविल्या आहेत. तरी त्या थांबल्या नाहींत. माशीच्या गळानें एका वेळीं एकच मासा लागतो, तो ओठाला लागतो, आणि ठेवावा कीं सोडावा हें आपल्या हातीं राहतें. सोडावयाचा असेल तर गळाचा उलटा कांटा आधींच पकडीनें दाबून टाकावा, व माशाला ओल्या हातानें धरावें. कोरड्या हातानें त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघतो आणि तो मागाहून रोगानें मरतो.

मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसांत मासे अंडीं घालण्यासाठीं ओढ्यांतून भातखाचरांपर्यंत चढतात. वलगणीचे मासे म्हणून घरोघरीं त्यांचा आनंद होतो. पण त्या एका टोपलींत पुढल्या वर्षींचे किती मासे असतात, हें एखाद्या मादीचें पोट चिरतांना मुलांस दाखवावें. माशीचें काम त्या दिवसांत नसतेंच, कारण गढूळ पाण्यांत तिला पाहणार कोण? ज्येष्ठांत ती कोरडी करून कापराच्या वडीसह काड्यापेटींत ठेवावी, नाहींतर पीस कसर खाते. नवरात्राच्या सुमारास पाणी निवळलें म्हणजे काढावी.