स्पितीत मुक्काम कुठे?

स्पितीच्या सहलीची आखणी आपल्याकडे बहुतेक एकाच क्रमाने होते. आधी बघायच्या जागांची यादी निघते: ताबो, धनकर, की, कोमिक, हिक्किमचं पोस्ट ऑफिस. मग विमान आणि गाडी ठरते. मुक्कामाकडे लक्ष जातं ते सगळ्यात शेवटी, आणि तेही खोली स्वच्छ आहे का, गरम पाणी मिळतं का एवढ्यापुरतं. हिमाचलच्या या दरीत हा क्रम उलटा करावा, असं माझं ठाम मत आहे. रात्री कुठे काढायच्या हे आधी ठरवावं आणि बाकीची यादी त्याभोवती बसवावी.

याचं पहिलं कारण उंची. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. ताबो हे स्पितीतलं त्यातल्या त्यात खालचं गाव, तरी ते ३,२८० मीटरवर आहे. काझा ३,६५० च्या पुढे, धनकर ३,९०० च्या आसपास, की मठ ४,१६६, लांगझा आणि हिक्किम ४,४०० च्या घरात आणि कोमिक त्याहूनही वर. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के उरतो. दिवसभर हिंडताना हे फारसं जाणवत नाही. झोपेत श्वास मंदावतो, रक्तातला प्राणवायू आणखी घटतो आणि मग डोकं ठणकणं, मळमळ, झोपमोड सुरू होते. म्हणूनच दिवसा किती उंच चढलात यापेक्षा रात्री कुठल्या उंचीवर झोपलात, हे डॉक्टर अधिक महत्त्वाचं मानतात. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, हा त्यांचा सर्वसाधारण सल्ला.

हा हिशेब समोर ठेवला की रस्त्याचा प्रश्न आपोआप सुटतो. मनाली सुमारे २,०५० मीटरवर. तिथून सकाळी निघून साडेचार हजार मीटरहून उंच कुंझुम खिंड ओलांडायची आणि रात्री काझ्यात अंग टाकायचं, म्हणजे शरीराला सवड न देता एका दिवसात सोळाशे मीटरची उडी. सिमल्याकडून येणारा रस्ता लांब आहे, पण तो माणसाला हळूहळू वर नेतो. रामपूर किंवा सराहन, मग कल्पा (२,९६० मीटर) आणि तिथून ताबो. वाटेतल्या नाकोला मुक्काम करायचा मोह होतो, कारण गाव देखणं आहे आणि तळंही आहे. पण नाको ताबोपेक्षा जवळजवळ चारशे मीटर उंच. नाकोत दुपारचं जेवण करावं, तास-दोन तास गावात फिरावं आणि झोपायला ताबोला उतरावं.

ताबोत एक नव्हे, दोन रात्री राहा. इथला मठ इ.स. ९९६ चा. गुगेचा राजा येशे-ओ याने तो उभारला आणि सेहेचाळीस वर्षांनी त्याचं नूतनीकरण झालं. बाहेरून बघाल तर मातीच्या बुटक्या, बिनखिडक्यांच्या भिंती. शिखर नाही, कळस नाही. घाईत आलेला प्रवासी वीस मिनिटांत बाहेर पडतो तो यामुळेच. मुख्य मंदिरात उजेड येतो तो छतातल्या झरोक्यातून. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो आणि मग एकेक मूर्ती पुढे येते. भिंतींच्या वरच्या भागात, जमिनीपासून अधांतरी बसवलेल्या, मातीच्या तीसहून अधिक मूर्ती, आणि खाली बुद्धचरित्राची चित्रं. अजिंठा पाहिलेल्या माणसाला इथे ओळखीची खूण पटते: मातीच्या गिलाव्यावर रंग आणि तेच बुद्धचरित्र. फरक इतकाच की अजिंठ्याच्या चित्रांना पाठीशी कातळ आहे, ताबोच्या चित्रांमागे आणि डोक्यावर निव्वळ माती. स्पिती पर्जन्यछायेत आहे म्हणून हे हजार वर्षं टिकलं. १९७५ च्या भूकंपाने मठाला धक्का दिला, आणि अवेळी पडणाऱ्या पावसाची धास्ती आता कायमची आहे. आत फोटो काढायला मनाई आहे आणि ती मनापासून पाळावी. मठाचं स्वतःचं अतिथिगृह आवाराला लागूनच आहे. तिथे उतरलात तर पहाटेच्या प्रार्थनेला चालत जाता येतं. काझ्याहून ४७ किलोमीटर गाडीने येणाऱ्याला ही वेळ गाठणं अवघडच. दुसऱ्या दिवशी गावावरच्या डोंगरातल्या ध्यानगुंफांपर्यंत चढून या. तेवढीच शरीराला सवय होते.

पुढचा मुक्काम काझा. गाव म्हणून त्याचं फार कौतुक करण्यासारखं नाही, पण रुग्णालय, पेट्रोलपंप, बँक, बाजार सगळं इथेच आहे. घरातली ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुलं बरोबर असतील तर काझ्यालाच तळ ठोकावा आणि धनकर, की, कोमिक दिवसा बघून परत यावं. यात काही कमीपणा नाही. धनकर ही स्पितीची जुनी राजधानी. स्पिती आणि पिन नद्यांच्या संगमावर, ढासळत्या कड्याच्या टोकाला तिथला मठ उभा आहे. जुन्या इमारतीत एका वेळी थोड्याच लोकांना सोडतात, तेव्हा घाई करू नये.

ज्यांना पहिल्या तीन-चार रात्री त्रास झाला नाही त्यांनी मात्र एक रात्र वर काढावी. की मठात साध्या खोल्या मिळतात. लांगझा, डेमुल, कोमिक या गावांत घरगुती सोय होते. डेमुलमध्ये पाहुणे पाळीपाळीने घरोघरी दिले जातात, त्यामुळे पैसा एकाच दारात अडकत नाही. हॉटेलात मोजलेल्या पैशापेक्षा हा पैसा मला सत्कारणी लागलेला वाटतो. चुलीसारख्या ‘तंदूर’भोवती घर बसतं, थुकपा किंवा भाकरी-भाजी असते, मीठ-लोणी घातलेला चहा असतो. संडास बहुतेक कोरडा असतो: वापर झाला की माती-राख टाकायची, आणि तेच पुढे वाटाण्याच्या, जवाच्या शेतात खत म्हणून जातं. पाण्याचा एक हंडा इथे मोलाचा आहे. रोज बादलीभर गरम पाण्याची अपेक्षा घेऊन या घरांत जाऊ नये. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी काझ्यातच राहावं, यजमानांना ओशाळं करू नये.

डोकं दुखत असताना मात्र ठरलं आहे म्हणून वरच्या गावी मुक्काम करू नका. दुखणं थांबेपर्यंत आणखी वर झोपायचं नाही, वाढलं तर त्याच दिवशी खाली उतरायचं. गोळ्यांविषयी निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

कुंझुममार्गे मनालीला परतणार असाल तर चंद्रताल तळ्याजवळचे तंबू शेवटच्या रात्रीसाठी ठेवा. ते ४,२०० मीटरच्या वर आहेत, जवळपास दवाखाना नाही, आणि मनालीहून थेट तिथे जाणाऱ्यांची रात्र फार वाईट जाते. आठवडाभर स्पितीत राहिलेल्या शरीराला ती उंची बहुधा झेपते. तंबू तळ्यापासून काही किलोमीटर अलीकडे लावतात, म्हणून पहाटे निघायची तयारी आदल्या रात्रीच करावी. कुंझुम बर्फामुळे साधारण ऑक्टोबरअखेरपासून मे-जूनपर्यंत बंद असते. तेव्हा आल्या वाटेने, किन्नौरमार्गेच परतावं लागतं, आणि उतरताना कल्प्याला एक मुक्काम हमखास धरावा.