आजोबांचा पखवाज आणि गायब झालेला डावा हात

भागाच्या सुरुवातीला जो ठेका ऐकलात, तो माझ्या आजोबांचा. काही खटकलं का? नुसती टणटण ऐकू येते, घुमारा नाहीच. म्हणजे त्यांचा डावा हात गायब आहे. तो कसा गेला, ते आज सांगतो. चूक माझीच आहे.

आजोबा कर्जत तालुक्यातल्या कोंडाण्याचे. लोक इकडे लेणी आणि पावसाळ्यातले धबधबे बघायला येतात. आमच्यासाठी कोंडाणे म्हणजे भाताची खाचरं, एकादशीचं भजन आणि सप्ताहात आजोबांचा पखवाज. ते कुठल्या क्लासला गेले नाहीत, देवळात मोठ्यांच्या शेजारी बसून शिकले. ऐंशी ओलांडली तरी जेवताना ताटाच्या काठावर बोटं चालायची. आजी म्हणायची, "अहो, आधी जेवा!"

आता थोडं वाद्याबद्दल. पखवाजाला दोन तोंडं. उजवं लहान, त्यावर कायमची काळी शाई. डावं मोठं, त्याला वाजवण्याआधी ओली कणीक लावायची आणि भजन संपलं की काढून टाकायची. लहानपणी मला वाटायचं, हा काहीतरी देवाचा विधी असेल. पण यात चक्क फिजिक्स आहे.

साध्या गोल चामड्यावर थाप मारली की मूळ सुरासोबत वरचे सूरही उमटतात, पण ते मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट असे नेमके नसतात. पहिलाच साधारण 1.59 पट असतो. म्हणून साधा ढोल नुसता दणदणतो, सुरात लागत नाही. मधोमध शाईचं वजन आलं की हे वरचे सूर जवळपास पूर्ण पटीत येतात आणि कानाला एक स्पष्ट सूर लागतो. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी 1920 मध्ये 'नेचर'मध्ये यावर लिहिलं होतं. कणकेचं काम वेगळं. तिच्या वजनाने डाव्या तोंडाचा सूर खाली उतरतो आणि तो घुमारा मिळतो.

पावसाळ्यात खरी परीक्षा. दमट हवेत चामडं सैल पडतं, सूर उतरतो. मग आजोबा हातोडीने गठ्ठे ठोकून वाद्या ताणायचे आणि कणीक जरा कमी लावायचे. किती कमी? मी विचारलं तर म्हणाले, "बोटाला कळतं रे." मी इंजिनिअर, मला ग्रॅममध्ये उत्तर हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला मी त्यांना फोनवर रेकॉर्ड केलं. चाळीस मिनिटं गप्पा, मधे मधे वादन. मागे कोंबड्या, मिक्सर, पोरांचा गोंधळ. मुंबईला आल्यावर मी नॉइज रिडक्शन लावलं. आवाज स्वच्छ झाला, मी खूश. फोनमध्ये जागा नव्हती म्हणून मूळ फाइल उडवून टाकली. फोनच्या स्पीकरवर तसाही खालचा आवाज नीट येत नाही, त्यामुळे तेव्हा काही कळलंच नाही.

आजोबा गेल्यावर पहिल्यांदा हेडफोन लावून ऐकलं. असे फिल्टर माणसाचं बोलणं वाचवायला बनवलेले असतात. बाकी जे घुमतं, ते त्यांच्या लेखी गोंगाट. 'धा' दोन्ही हातांनी वाजतो. त्यातला डावा काढला की उरतो 'ता'. माझ्या फाइलमध्ये आजोबांच्या प्रत्येक 'धा'चा 'ता' झालाय. गेलेला आवाज परत आणणारं बटण नसतं, हे मी कामाच्या ठिकाणी दुसऱ्यांना शिकवतो.

आता पखवाज माझ्या चुलतभावाकडे आहे. त्याच्या बोटांना कणीक अजून नीट कळत नाही, पण तो दर एकादशीला बसतो. पुढच्या सप्ताहात मी दोन माइक घेऊन जाणार आहे, दोन्ही तोंडांना एकेक. फिल्टर बंद.

तुमच्या घरी कुणी वाजवत, गात असेल तर याच सुट्टीत रेकॉर्ड करा. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा, साफसफाई कॉपीवर करा. आणि कोंबड्या आल्या तर येऊ द्या. भेटू पुढच्या भागात.