स्टेडियमचं भाडं कोण भरतं?

वानखेडे स्टेडियम बांधायला सरकारनं किती पैसे दिले, असा प्रश्न मुंबई क्रिकेट संघटनेच्या जुन्या जाणत्यांना विचारला, तर उत्तर अभिमानानं येतं: एक पैसाही नाही. पैसा संघटनेनं उभा केला, शशी प्रभू या तरुण वास्तुविशारदानं आराखडा केला आणि साधारण तेरा महिन्यांत स्टेडियम उभं राहिलं. जानेवारी 1975 मध्ये तिथं वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडनं नाबाद 242 काढल्या, त्याला मिठी मारायला धावत आलेल्या पोराला पोलिसांनी बदडलं आणि प्रेक्षकांनी कोरं करकरीत स्टेडियम पेटवायचं तेवढं बाकी ठेवलं. त्याच सामन्यात एकनाथ सोलकरनं 102 धावा केल्या. वडील हिंदू जिमखान्याचे माळी आणि घर म्हणजे त्याच मैदानाच्या कडेची झोपडी, असा तो मुलगा.

उत्तर खरं आहे, पण अर्धंच. चर्चगेटला लागून असलेली सुमारे 44 हजार चौरस मीटर जमीन सरकारची. ती नाममात्र भाड्यानं, 50 वर्षांच्या करारानं दिलेली. दक्षिण मुंबईत 44 हजार चौरस मीटर म्हणजे काय, हे वडाळ्यापासून लालबागपर्यंत पुनर्विकासाच्या बैठकांना बसलेल्या कुठल्याही भाडेकरूला सांगावं लागत नाही. आपण तिथं चौरस फुटासाठी भांडतो.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, स्टेडियमला सरकारी पैसा द्यावा का, यावर मतदान होतं. एप्रिल 2024 मध्ये कॅन्सस सिटीच्या जॅक्सन काउंटीत बेसबॉल आणि फुटबॉलच्या स्टेडियमसाठी विक्रीकर चालू ठेवायचा प्रस्ताव लोकांनी मतपेटीतून फेटाळला. बफेलोत मात्र नव्या फुटबॉल स्टेडियमसाठी न्यूयॉर्क राज्यानं 60 कोटी डॉलर आणि काउंटीनं 25 कोटी डॉलर द्यायचं ठरवलं. तिथं रक्कम कागदावर येते, वर्तमानपत्रात छापली जाते, तिच्यावर भांडण होतं. आपल्याकडे भांडण होत नाही, कारण आपण रोख देतच नाही. आपण जमीन देतो, भाडं सोडून देतो, बंदोबस्ताचं बिल माफ करतो. या तिन्हींची बेरीज कुठल्याच अर्थसंकल्पात एका ओळीत सापडत नाही.

ही पद्धत वानखेडेपासूनची नव्हे. त्याच्या शेजारचं ब्रेबॉर्न स्टेडियम 1937 चं. समुद्र हटवून काढलेली 90 हजार चौरस यार्ड जमीन मुंबई इलाख्याच्या सरकारनं यार्डाला साडेतेरा रुपये दरानं क्रिकेट क्लब ऑफ इंडियाला दिली. अँथनी डिमेलो यांनी गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्नना ‘पैसा हवा की अमरत्व’ असं विचारलं, ही आख्यायिका प्रसिद्धच आहे. साहेबानं अमरत्व घेतलं. बांधकामाचा पैसा राजेरजवाडे आणि सभासदांकडून आला आणि जमीन एका क्लबाची झाली. पुढे तिकिटांच्या वाटणीवरून क्लब आणि क्रिकेट संघटना यांच्यात जुंपली. आमदारांच्या सामन्यासाठी मैदान मागायला गेलेल्या शेषराव वानखेडे यांना क्लबाचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी नकार दिला आणि त्या अपमानातून दुसरं स्टेडियम उभं राहिलं, असं क्रिकेटच्या वर्तुळात आजही सांगतात. वानखेडे त्या वेळी विधानसभेचे अध्यक्ष होते. रागाच्या भरात हाकेच्या अंतरावर स्टेडियम बांधणं त्यांना जमलं, ते त्या खुर्चीमुळे. एखाद्या कबड्डी मंडळाच्या सेक्रेटरीला कितीही राग आला असता तरी जमीन मिळाली नसती. गंमत अशी की त्याच वानखेडेवर आज विजय मर्चंट स्टँड आहे. क्रिकेटवाले मनानं मोठे, किंवा विसराळू.

देणारा आणि घेणारा एकाच घरातले असले की हिशेब सैल होतो. मनोहर जोशी मुख्यमंत्री असताना मुंबई क्रिकेट संघटनेचे अध्यक्षही होते. त्यांच्यानंतर शरद पवार, मग विलासराव देशमुख, पुढे आशिष शेलार. यात पक्षाचा प्रश्न नाही, सगळे पक्ष आलटूनपालटून येऊन गेले. या मंडळींनी क्रिकेटचं वाईट केलं, असंही म्हणता येणार नाही. पण भाडेकरू आणि घरमालक यांच्या वतीनं तीच माणसं बोलत असतील, तर भाडं कधी वाढायचं?

करार संपल्यावर घरमालकाला जाग आली. फेब्रुवारी 2018 मध्ये वानखेडेच्या जमिनीची मुदत संपली आणि एप्रिल 2019 मध्ये मुंबई शहर जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयानं संघटनेला सुमारे 120 कोटी रुपयांची थकबाकी भरा, नाहीतर जागा सोडा, अशी नोटीस धाडली. आवारात परवानगीशिवाय बांधकाम केल्याचीही तक्रार होती. आयपीएल ऐन भरात होतं. जागा सोडायला लागेल असं कुणालाच वाटलं नाही, आणि तसं झालंही नाही.

बंदोबस्ताची गोष्ट आणखी बोलकी आहे. सामन्याला पोलीस लागतात, हजारांच्या घरात लागतात, आणि त्याचं शुल्क आयोजकानं भरायचं असा नियम आहे. 2013 ते 2018 दरम्यानच्या सामन्यांचे सुमारे 15 कोटी रुपये संघटनेकडे थकल्याचं माहिती अधिकारातून उजेडात आलं. जून 2023 मध्ये राज्य सरकारनं शासन निर्णय काढून हे शुल्क कमी केलं, आणि कमी केलं ते थेट 2011 पासूनच्या सामन्यांना लागू करून. म्हणजे जुनी उधारीही आपोआप हलकी. प्रकरण जनहित याचिकेतून उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा झोपडीतल्या माणसाची पाणीपट्टी वाढवता आणि श्रीमंत क्रिकेट संघटनांना मागच्या तारखेनं सूट देता, ती कशासाठी, अशा अर्थाचं न्यायालयानं सरकारला सुनावलं. राज्याच्या क्रीडा संकुल योजनेत एका तालुका संकुलाला 5 कोटी रुपयांची तरतूद आहे. पंधरा कोटी म्हणजे तीन तालुके.

क्रिकेटला गरज असती तर गोष्ट वेगळी. 2023 ते 2027 या पाच वर्षांच्या आयपीएल प्रक्षेपणाचे हक्क बीसीसीआयनं 48,390 कोटी रुपयांना विकले. 2023 च्या विश्वचषकाआधी पाच जुन्या स्टेडियमच्या डागडुजीसाठी मंडळानं सुमारे 500 कोटींची तरतूद केल्याच्या बातम्या होत्या, त्या पाचांत वानखेडेही होतं. नूतनीकरणाचा खर्च खेळानं स्वतः उचलायची ही रीत चांगलीच आहे आणि तिचं श्रेय क्रिकेटला द्यायला हवं. दिल्लीत 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर सरकारी तिजोरीतून 900 कोटींहून अधिक खर्च झाले. तसं वानखेडेचं झालं नाही. पण खुर्च्या, छप्पर आणि दिव्यांचा खर्च जो स्वतः करू शकतो, त्याला जमिनीचं भाडं आणि पोलिसांचं बिल जड का व्हावं?

समर्थकांचं उत्तर ठरलेलं असतं: स्टेडियममुळे शहरात पैसा खेळतो, हॉटेलं भरतात, रोजगार होतो. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिम्बलिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये अमेरिकेतल्या स्टेडियमांवर मोठा ग्रंथ संपादित केला, त्यातून निघालेलं चित्र या दाव्याच्या उलट आहे आणि नंतरच्या संशोधनानंही ते फारसं बदललं नाही. कारण साधं आहे. दादरचं चार जणांचं कुटुंब आयपीएलच्या एका सामन्यावर जे उडवतं, ते आकाशातून पडलेलं नसतं. सामना नसता तर तोच पैसा शिवाजी मंदिरच्या नाटकाला, नाहीतर रानडे रोडच्या खरेदीत आणि वर एखाद्या थाळीत गेला असता. शहराच्या एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात जातो, आणि संघाच्या मालकाकडे गेलेला भाग तर शहरात राहीलच असंही नाही. लंडननं 2012 च्या ऑलिंपिकचं स्टेडियम वेस्ट हॅम या फुटबॉल क्लबला वर्षाला अवघ्या 25 लाख पौंड मूळ भाड्यानं दिलं आणि ते चालवण्याचा तोटा तिथले करदाते सोसत आले. मॉन्ट्रियलनं 1976 च्या ऑलिंपिक स्टेडियमचं कर्ज फेडलं ते तब्बल 30 वर्षांनी, 2006 मध्ये.

मग सार्वजनिक मदतीच्या बदल्यात लोकांना काय मिळतं? 2011 च्या विश्वचषकाआधी वानखेडेचं नूतनीकरण झालं, नवं छप्पर आलं, प्रत्येकाला खुर्ची मिळाली आणि आसनसंख्या सुमारे 33 हजारांवर आली. 2 एप्रिलच्या अंतिम सामन्याची त्यातली किती तिकिटं सामान्य माणसासाठी खुल्या विक्रीला होती? चार हजार. बाकीची संलग्न क्लबांकडे, आयसीसीकडे, प्रायोजकांकडे. धोनीचा तो षटकार आपण सगळ्यांनी पाहिला, पण बहुतेकांनी टीव्हीवर, ज्याची जमीन आपल्या मालकीची आहे त्या स्टेडियमच्या बाहेर बसून.

आता वडाळ्याकडे या. नायगाव-वडाळ्याच्या भागात भारतीय क्रीडा मंदिर आहे. कबड्डी आणि खो-खोच्या किती राज्यस्तरीय स्पर्धा इथं झाल्या असतील! स्पर्धेच्या सकाळी इथं गेलात तर पहिलं काम दिसतं ते मॅट जोडण्याचं. रंगीत चौकोन एकमेकांत दातेरी कडांनी अडकवायचे, मधली फट पायानं दाबून बंद करायची, मग पट्ट्या चिकटवून मध्यरेषा, निदानरेषा, बोनस रेषा आखायच्या. हे काम खेळाडूच करतात, बरोबरीनं मंडळाचे कार्यकर्ते, ज्यांनी त्या दिवसाची रजा टाकलेली असते. कुठल्यातरी चौकोनाचा दात तुटलेला असतो, तो कोपऱ्यात ढकलायचा. संध्याकाळी तेच चौकोन सोडवून टेम्पोत. लालबाग-परळची मंडळं, दादरचा विजय क्लब, परळचा डॉ. शिरोडकर स्पोर्ट्स क्लब, अशा संघांनी हे सगळं वर्षानुवर्षं निभावलं. मॅटसाठी पैसा कुठून येतो? कधी आमदार निधीतून, कधी नगरसेवकाच्या शब्दावर, कधी गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्यातून. निधीतून आला तर मॅटवर किंवा मागच्या फलकावर साहेबांचं नाव ठळक असतं.

या खेळाचंही व्यावसायिक रूप आलं. 26 जुलै 2014 ला वरळीच्या एनएससीआयच्या घुमटाखाली प्रो कबड्डीचा पहिला सामना यू मुम्बा आणि जयपूर पिंक पँथर्स यांच्यात झाला. लाल मातीचा खेळ टीव्हीवर चमकला, खेळाडूंना कोटींच्या घरात बोली लागली. बघणाऱ्या प्रत्येक गल्लीतल्या पोराचं मन वर आलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या चमकेचा किती भाग परळच्या लाल मैदानापर्यंत पोहोचला?

सरकारी पैसा सरळ दारानं येतो, तेव्हा काय होतं, याचं उदाहरणही मुंबईतच आहे. अंधेरीचं शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल महापालिकेचं, 1988 सालचं, बृहन्मुंबई क्रीडा व ललितकला प्रतिष्ठान ते चालवतं. 2016 पासून मुंबई सिटी एफसी तिथल्या मैदानावर खेळू लागली. 2019 मध्ये त्या संघाचा 65 टक्के हिस्सा मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपनं घेतला. मैदान पालिकेचं, पोहण्याचा तलावही पालिकेचा, आणि फुटबॉल तेव्हा अबूधाबीच्या पैशाचा. तरीही मला हा प्रकार वानखेडेपेक्षा बरा वाटतो. मालक कोण ते स्पष्ट आहे, भाडं किती ते नगरसेवक सभागृहात विचारू शकतो, आणि सामना नसताना संकुलाची दारं अंधेरीकरांसाठी उघडी असतात.

वानखेडेबाबत असा प्रश्न विचारायचा कुणी? 2025 मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. विधेयकात आधी माहिती अधिकाराची कक्षा मोठी होती, मग दुरुस्ती झाली: सरकारी अनुदान किंवा आर्थिक साहाय्य घेणाऱ्या संघटनाच, आणि त्याही त्या साहाय्याच्या विनियोगापुरत्याच, माहिती अधिकाराखाली. बीसीसीआय अनुदान घेत नाही, म्हणजे मंडळ सुटलं. नाममात्र भाड्याची जमीन आणि माफ झालेलं पोलीस शुल्क हे आर्थिक साहाय्य आहे की नाही, यावर कधीतरी कुणी वकील चांगली दोन वर्षं युक्तिवाद करील. माझ्या मते आहे. शंभर रुपयांची वस्तू दहाला दिली, तर नव्वद रुपये दिलेच ना?

रोख कधीमधी उघडपणेही दिली जाते. जुलै 2024 मध्ये टी-20 विश्वचषक जिंकणाऱ्या संघाला राज्य सरकारनं 11 कोटींचं बक्षीस जाहीर केलं. बीसीसीआयनं त्याच संघाला 125 कोटी दिले होते. विरोधकांनी आवाज उठवला, दोन दिवस वर्तमानपत्रांत गाजलं. अकरा कोटी दिसले म्हणून निदान बोललं तरी गेलं.

आता पुढचा व्यवहार येऊ घातला आहे. 16 मे 2025 ला वानखेडेवर रोहित शर्मा, अजित वाडेकर आणि शरद पवार यांच्या नावांच्या स्टँडचं अनावरण झालं, तेव्हा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी एक लाख आसनांच्या नव्या स्टेडियमसाठी संघटनेनं प्रस्ताव द्यावा, सरकार जागा देईल, असं सांगितलं. संघटनेची शताब्दी 2030 मध्ये आहे. समृद्धी महामार्गाजवळच्या, ठाणे जिल्ह्यातल्या आमणे गावच्या जागेची चर्चा त्याआधीपासून होती. म्हणजे वडाळ्याच्या माणसानं सामन्याला जायचं तर हार्बरनं कुर्ला, तिथून गाडी बदलून कल्याणच्या दिशेला, आणि पुढे रस्त्यानं. परतीची शेवटची लोकल चुकली तर रात्र तिथंच.

नवं स्टेडियम नकोच, असं मी म्हणणार नाही. एक लाख आसनं असतील तर खुल्या विक्रीची तिकिटं चार हजारांहून जास्त निघतील, एवढी तरी आशा आहे. पण यावेळी कराराचा कागद सही होण्याआधी लोकांपुढे यावा. त्यात भाडं बाजारभावाच्या किती टक्के आणि दर किती वर्षांनी वाढणार, ते आकड्यात असावं. बंदोबस्ताचं शुल्क सामन्याआधी भरायचं, मागच्या तारखेची सूट नाही, हे कलम असावं. प्रत्येक सामन्याची किमान किती तिकिटं खुल्या विक्रीला, आणि वर्षातले किती दिवस मैदान शाळा-कॉलेजांच्या स्पर्धांना, हेही लिहिलेलं असावं. आणि भाड्याचा ठरावीक वाटा जिल्ह्याच्या क्रीडा निधीत थेट जमा व्हावा, म्हणजे वडाळ्याच्या हॉलला नव्या मॅटसाठी आमदारांच्या कार्यालयात फाईल घेऊन ताटकळायला नको. वानखेडेच्या करारात यातलं काही सुचलं नसेल, तर ते त्या काळातलं क्रिकेट होतं, तेव्हा बोर्डाकडेही पैसा नव्हता. आता तीही सबब उरलेली नाही.