बोटभर सैनिकाला रंगाचे दोन हात

रंगाच्या धंद्यात आमच्या घराण्याची ही तिसरी पिढी. वीस लिटरच्या बादल्या, लांबीची पोती, टर्पेंटाइनचे डबे आणि पॉलिश पेपरचे गठ्ठे यांच्या सहवासात माझे आयुष्य गेले. त्यामुळे रंगाविषयी आता कोणी मला काही नवे शिकवील, आणि तेही बोटाएवढ्या प्लास्टिकच्या पुतळ्यावरून, असे मला कधी वाटले नव्हते. पण तसे घडले खरे. शिकवणारा आमचा पुतण्या.

तो दोन वर्षे इंग्लंडात लेस्टरला शिकत होता. त्याला भेटायला आम्ही पतिपत्नी गेलो, तेव्हा पहिल्या दिवशी तेथील जिनमंदिरात दर्शन घेतले. जुन्या चर्चच्या इमारतीला संगमरवरी दर्शनी भाग देऊन 1988 साली उभे राहिलेले ते मंदिर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. दुसऱ्या दिवशी पुतण्या म्हणाला, "काका, आज माझ्या तीर्थाला चला." आगगाडीने अर्ध्या-पाऊण तासावर नॉटिंगहॅम. तेथे 'वॉरहॅमर वर्ल्ड' नावाचे एक प्रदर्शन आहे. काचेच्या मोठमोठ्या कपाटांत लढायांचे देखावे मांडलेले, आणि त्यांतील शेकडो योद्धे एकेक करून हाताने रंगवलेले. उंची साधारण 28 ते 32 मिलिमीटर. सौभाग्यवतींनी शस्त्रे पाहून तोंड फिरवले आणि त्या बाकावर जाऊन बसल्या. मी मात्र काचेला नाक लावून उभा राहिलो. एका म्हाताऱ्या सैनिकाच्या गालावर थंडीने येते तशी लाली होती. दुसऱ्याच्या तलवारीचे पाते लखलखत होते. "रुपेरी रंग कोणत्या कंपनीचा?" मी धंद्याच्या सवयीने विचारले. पुतण्या हसला. त्या पात्यावर रुपेरी रंगाचा थेंबही नव्हता. करडा, निळसर आणि पांढरा एवढ्याच साध्या रंगांच्या छटा अशा शेजारी ठेवल्या होत्या की डोळ्याला धातूचा भास व्हावा.

हा छंद आला कोठून, हे थोडक्यात सांगतो. खेळण्यातल्या सैनिकांची लुटुपुटूची लढाई नियमांत बांधणारे पुस्तक एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने 1913 मध्येच लिहिले होते. 1974 साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आला. त्याच्या पुढच्याच वर्षी लंडनमध्ये तीन मित्रांनी 'गेम्स वर्कशॉप' ही संस्था काढली; आरंभी ती लाकडी पटावरचे खेळ विकत असे. पुढे तिने नॉटिंगहॅमकडे मुक्काम हलवला, 1983 मध्ये 'वॉरहॅमर' आणि 1987 मध्ये त्याचीच भविष्यकाळातली आवृत्ती बाजारात आणली. रंगकामाची 'गोल्डन डीमन' ही स्पर्धाही 1987 पासूनचीच. व्यापारी मनाला यातली एक गोष्ट फार गमतीची वाटेल. ही कंपनी आपला माल अर्धवट स्थितीत विकते! डबा उघडला की हाती येते प्लास्टिकची करडी चौकट आणि तिला चिकटलेले हात, पाय, डोकी. तोडायचे गिऱ्हाइकाने, घासायचे त्याने, चिकटवायचे त्याने, रंगवायचे त्याने. आणि त्यासाठी लागणारी कातरी, डिंक, रंग, ब्रश हेही तीच कंपनी विकते. डिसेंबर 2024 मध्ये ती लंडनच्या शेअर बाजारातील पहिल्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात जाऊन बसली. गिऱ्हाइकाच्या श्रमांवर उभा असलेला असा धंदा मी दुसरा पाहिलेला नाही, आणि गिऱ्हाईक तक्रार करीत नाही, उलट त्या श्रमांसाठीच पैसे मोजते.

पुतण्या शिक्षण संपवून परत आला तेव्हा सामानात असे तीन डबे होते. माडीवरच्या खोलीत त्याने टेबल मांडले. त्याचा पहिला सैनिक मी पाहिला आणि मनात म्हटले, याच्यापेक्षा आमचा नवशिका पेंटर बरा! चेहऱ्यावर रंगाचा एवढा जाड लेप बसला होता की नाक, डोळे, मिशा सगळे बुजून गेले होते. बाटलीतला रंग त्याने जसाच्या तसा लावला होता. मी त्याला एवढेच म्हणालो, "अरे, एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्यावेत, हे आपल्या दुकानातल्या पोऱ्यालासुद्धा ठाऊक आहे." तो चकित होऊन माझ्याकडे पाहत राहिला. इंग्लंडातल्या या छंदाचेही आद्य सूत्र नेमके हेच आहे, दोन पातळ थर. तेव्हापासून आमची भागीदारी जमली.

अर्थात भागीदारीत पहिला तोटा माझ्यामुळे झाला. प्लास्टिकवर रंग धरत नाही, म्हणून आधी अस्तर लागते. त्याआधी साच्यातून निघताना राहिलेली बारीक शिवण पात्याने खरवडायची, साबणाच्या कोमट पाण्याने पुतळा धुऊन साच्याचा तेलकटपणा घालवायचा, आणि मग फवाऱ्याच्या डब्याने वीत-दीड वीत अंतरावरून हलका प्रायमर मारायचा. श्रावणातला दिवस होता, हवा ओली. पुतण्या थांबू या म्हणत होता. मी अनुभवाच्या तोऱ्यात म्हणालो, "काही होत नाही, मार." बारा सैनिकांवर पिठासारखी खरखरीत साय बसली. दमट हवेत फवारा पृष्ठभागावर नीट बसतच नाही, ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना दर पावसाळ्यात सांगत आलो होतो. ते बारा जण मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, जुन्या दातांच्या ब्रशने घासून पुन्हा उघडे करावे लागले. आता आमच्याकडे जून ते सप्टेंबर फवारा बंद. ब्रशने लावायचे अस्तर वापरले जाते. त्याला वेळ लागतो, पण ते फसत नाही.

रंग पातळ किती करावा, याचे माप दुधाचे आहे. सायीचे दूध नव्हे, साधे. हे रंग पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक असतात, आणि आपल्या हवेत ते ताटलीवर पाहता पाहता सुकतात. यावर तोड म्हणजे ओली ताटली. एका पसरट डब्यात पाण्याने भिजवलेला स्पंज, त्यावर भट्टीत केकखाली घालतात तो चर्मकागद, आणि त्या कागदावर रंग. खालचे पाणी कागदातून अगदी सावकाश वर झिरपत राहते, आणि डबा झाकून ठेवला तर दुसऱ्या दिवशीही रंग ओला मिळतो. बाजारात ही ताटली तयार मिळते, पण आमच्या घरी तिच्या जागी मिठाईचा रिकामा डबा आहे.

ब्रश भरला की तो थेट पुतळ्याला लावायचा नाही. आधी कागदावर टेकवून जास्तीचा ओलावा काढायचा, अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून पाहायची, मगच पुढे जायचे. येथेच पुतण्याने मला ती गोष्ट सांगितली जी चाळीस वर्षांत माझ्या ध्यानात आली नव्हती. पातळ रंगाचा फटकारा जेथे संपतो तेथे सर्वांत जास्त रंगद्रव्य साठते. म्हणून सावली गडद करायची असेल तर ब्रश सावलीकडे ओढत न्यावा, आणि उजेड वाढवायचा असेल तर उजेडाकडे. भिंतीवर हे कळत नाही, कारण तेथे आपण वर-खाली दोन्हीकडे फिरवतो. बोटभर अंगरख्याच्या चुणीवर मात्र यावाचून पान हलत नाही.

या छंदातील सारी विद्या उजेडाची आहे. खरा माणूस उन्हात उभा राहिला तर त्याच्या वस्त्राच्या चुण्यांत आपोआप सावली पडते. पुतळा इतका लहान की त्याच्यावरच्या सावल्या डोळ्याला जाणवतच नाहीत. त्या रंगवून दाखवाव्या लागतात. सोपा उपाय म्हणजे तपकिरी किंवा काळपट रंगाचे अगदी पातळ पाणी अंगभर सोडणे. ते खळग्यांत उतरते, उंचवटे मोकळे राहतात. सपाट जागी डबके साचले तर ओलसर ब्रशने लगेच टिपून घ्यावे, नाही तर सुकल्यावर चहाच्या कपाखाली उमटावे तसे कडे उमटते. दुसरा उपाय कोरड्या ब्रशाचा: रंग जवळजवळ पुसून टाकलेला ब्रश केसाळ चामड्यावर, दगडावर हलकेच फिरवला की फक्त कडा उजळतात. मुलायम कापडावर मात्र ही युक्ती भुरकट दिसते, तेथे थरावर थरच चढवावे लागतात. आणखी एक चांगली रीत आहे. सुरुवातीलाच सगळे अस्तर काळे द्यायचे आणि वरून, जणू माथ्यावरच्या सूर्यातून, पांढऱ्याचा हलका फवारा मारायचा. ऊन कोठे आणि छाया कोठे याचा नकाशा मग पुतळ्यावरच तयार होतो.

उजळ छटेसाठी प्रत्येक रंगात पांढरा कालवणे ही नवशिक्याची सर्वांत मोठी चूक. तांबड्यात पांढरा घातला की गुलाबी होतो. तांबडा उजळायचा तो नारिंगीने. पिवळ्याची अंगभूत अडचण तर आपल्या सर्व दुकानदारांना माहीत आहे, तो झाकत नाही. त्याच्याखाली आधी गेरूसारखा किंवा मातकट हात द्यावा, मग पिवळा दोन थरांत तेजाने उभा राहतो. डोळे अखेरीस रंगवू नयेत, आधी रंगवावेत. बुबुळ चुकून भुवईत गेले तरी नंतर त्वचेच्या रंगाने चूक झाकता येते. पुतळा औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या बुचावर चिकटवून बाटली धरावी, दोन्ही कोपरे टेबलाला टेकवावेत आणि दोन्ही मनगटे एकमेकांना लावावीत. हात कापला तर दोन्ही एकत्र कापतात, आणि रेघ सरळ येते! बारीक कामाला सर्वांत बारीक ब्रश हवा, हाही गैरसमजच. दोन केसांच्या ब्रशात रंग राहत नाही, टोक पुतळ्यापर्यंत पोहोचेतो सुकते. एक किंवा दोन नंबरचा, पोटात रंग धरणारा आणि टोकाला सुईसारखा ब्रश डोळ्याचेही काम करतो.

ब्रशापाशी मात्र आमची गाडी अडली. या छंदात सर्वोत्तम मानला जातो तो 'कोलिन्स्की सेबल'. इंग्लंडातल्या 'विन्सर अँड न्यूटन' कंपनीची सात क्रमांकाची मालिका 1866 मध्ये व्हिक्टोरिया राणीसाठी प्रथम बनली, असे कंपनी अभिमानाने सांगते; आजही जाणकार तिचेच नाव घेतात. पुतण्याच्या पेटीत असे दोन ब्रश होते, कोणी मित्राने भेट दिलेले. एका रात्री जेवताना माझ्या मातोश्रींनी सहज विचारले, "केस कशाचे रे?" त्याने शोधून सांगितले: सैबेरियातील मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याच्या शेपटीचे. हा प्राणी हिमालयातही आढळतो, आणि वन्य जीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात त्याचे नाव भारताच्याच आग्रहाने नोंदलेले आहे. आपल्याकडे मुंगसाच्या केसांच्या ब्रशांचा व्यापार तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाच आहे. 2019 मध्ये सरकारी यंत्रणेने देशभर धाडी घातल्या होत्या.

मातोश्री काही बोलल्या नाहीत. पुतण्याने उठून ते दोन ब्रश कागदात गुंडाळले आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले. मग मला विचारले, "काका, आपल्या दुकानातले पांढऱ्या केसांचे ब्रश कशाचे?"

डुकराच्या केसांचे. मला ते माहीत होते, आणि माहीत नसल्यासारखे मी इतकी वर्षे विकत होतो. तेल-रंगाला तो ब्रश चांगला, पेंटर तोच मागतात, गिऱ्हाईक परत पाठवता येत नाही, ही सारी उत्तरे माझ्याजवळ होती. त्यांतले एकही मी ताटावर बसून देऊ शकलो नाही. त्यानंतर तो माल आम्ही नव्याने भरलेला नाही. नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या धाग्यांचे ब्रश ठेवतो. दोन जुने पेंटर आमच्याकडून दुसऱ्या दुकानात गेले. त्यांतला एक परत आला आहे.

कृत्रिम धाग्याच्या बारीक ब्रशात दोष नाही असे मी म्हणणार नाही. महिना-दोन महिन्यांत त्याचे टोक बाकासारखे वळते. पण काळजी घेतली तर तो पुष्कळ टिकतो: रंग धातूच्या पट्टीपर्यंत चढू द्यायचा नाही, पाण्याच्या पेल्यात टोकावर उभा सोडायचा नाही, काम झाले की साबणाने धुऊन बोटांनी टोक जुळवून आडवा ठेवायचा. टोक वळलेच तर गरम पाण्यात काही क्षण धरले की बहुधा सरळ होते.

पुतण्याची प्रगती मला दिसते ती त्याच्या फळीवर. एका वेळी एकच नवी रीत घ्यायची, पाच पुतळ्यांवर तीच गिरवायची, आणि प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढून मोठा करून पाहायचा, असा त्याचा नेम आहे. फोटो डोळ्यापेक्षा निर्दय असतो. तो पहिला, नाक-डोळे बुजलेला सैनिक त्याने अल्कोहोलमध्ये घालू दिलेला नाही; अगदी डावीकडे तोच उभा आहे. उजवीकडे शेवटी गेल्या महिन्यात पुरा झालेला एक भालाईत. त्याच्या तांबड्या अंगरख्याची चुणी मी भिंग लावून पाहिली, आणि फटकारे कोठे संपले ते मला सापडले नाही.

ब्रश सरळ करायला तो पूर्वी स्वयंपाकघरातल्या चहाच्या कपात गरम पाणी घेत असे. काकूने ते पाहिले त्या दिवशी घरात बराच आवाज झाला. आता खिडकीत एक स्टीलचा पेला वेगळा ठेवलेला असतो, आणि त्याच्यावर खिळ्याने त्याचे नाव कोरलेले आहे.