श्वास आत जायला जागाच नाही! सीओपीडीत फुप्फुसांचं नेमकं काय होतं?

एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर हे वाचा, मुद्दे तेच आहेत.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. दिवसभर कोड लिहिणारा माणूस आहे. हा विषय माझ्यापर्यंत आला तो आजीमुळे. साताऱ्याकडच्या आमच्या गावी तिने जवळजवळ ४० वर्षं चुलीवर स्वयंपाक केला. विडी-सिगारेट कधी हातात धरली नाही. गेली काही वर्षं अंगणातून घरात येईपर्यंत तिला धाप लागायची. म्हणायची, "अरे, श्वास आत जायला जागाच नाही बघ." आम्ही म्हणायचो, वय झालं. शेवटी तपासणी झाली आणि निदान आलं: सीओपीडी. तेव्हा कळलं, आजी अगदी शब्दशः खरं बोलत होती.

करूनच बघा. (दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर नको.) छाती भरून श्वास घ्या. त्यातला थोडासाच सोडा. परत घ्या, परत थोडासाच सोडा. तीन-चार वेळा झालं की आजूबाजूला भरपूर हवा असूनही गुदमरल्यासारखं होतं. मोबाईलचं स्टोरेज फुल झालं की नवा फोटो सेव्ह होत नाही, तसंच. कॅमेरा चांगला असतो, फक्त जुनं बाहेर गेलेलं नसतं.

सीओपीडीचा मूळ घोटाळा हाच. अडचण श्वास घेण्यात नाही, श्वास सोडण्यात सुरू होते.

आता आत काय चालतं ते बघू. आपल्या फुप्फुसांत अंदाजे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात, म्हणजे हवेच्या इवल्याशा पिशव्या. त्यांच्या भिंती लवचिक असतात. श्वास घेताना त्या ताणल्या जातात आणि सोडताना रबरासारख्या आपोआप आकसतात. म्हणून शांत बसलेलो असताना श्वास सोडायला आपल्याला काहीच जोर लावावा लागत नाही.

या भिंतींचं अजून एक काम आहे. अगदी बारीक श्वासनलिकांना कूर्चेचा आधार नसतो. आजूबाजूच्या वायुकोशांच्या भिंतीच त्यांना चारी बाजूंनी ओढून उघड्या ठेवतात, तंबूला दोर ताणून धरतात तशा.

वर्षानुवर्षं धूर आत गेला की दोन गोष्टी होतात. एक, श्वासनलिकांना सूज येते, त्यांच्या भिंती जाड होतात आणि कफ वाढतो. म्हणजे रस्ता अरुंद. दुसरी, धुराशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमधून जी विकरं सुटतात, ती वायुकोशांच्या लवचिक भिंतीच खाऊन टाकतात. लहान-लहान पिशव्या फुटून एकच मोठी, सैल पिशवी होते. रक्तात ऑक्सिजन शिरायला पृष्ठभाग कमी उरतो, आकसण्याचा जोर जातो आणि तंबूचे दोरही तुटतात. मग श्वास सोडताना बारीक नलिका मिटतात आणि हवा आत अडकते.

अडकलेल्या हवेने छाती फुगलेलीच राहते. खालचं श्वासपटल एरवी घुमटासारखं असतं आणि आकुंचन पावून खाली सरकतं, तेव्हा हवा आत येते. इथे ते आधीच चपटं झालेलं असतं. ते खाली सरकणार तरी कुठे? मग मान आणि खांद्यांचे स्नायू मदतीला येतात. आजी गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकून बसायची, ती याचसाठी.

आणि चालल्यावर धाप का वाढते? चालताना श्वास भरभर होतो, सोडायला वेळ कमी मिळतो, अजून हवा अडकते. बसलं की हळूहळू उतरते.

स्पायरोमेट्रीत हेच मोजतात. पूर्ण श्वास घेऊन जोरात फुंकायचं. एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली ते बघतात. श्वासनलिका उघडणारं औषध देऊनही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली राहिलं, तर सीओपीडीचं निदान पक्कं होत जातं.

"पण ती तर विडी ओढत नव्हती!" हा प्रश्न आमच्याही घरात निघाला. २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 'द लॅन्सेट'मध्ये याच विषयावर लेख लिहिला होता: धूम्रपान न करणाऱ्यांचा सीओपीडी. त्यातलं एक मोठं कारण म्हणजे लाकूड, गोवऱ्यांचा धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये या आजाराने जगभरात सुमारे ३५ लाख माणसं गेली.

तुटलेल्या भिंती परत येत नाहीत, हे खरं आहे. पण अडकलेली हवा कमी करता येते. इन्हेलर नलिका रुंद करतो, आणि "पंपाची सवय लागते" हा निव्वळ गैरसमज आहे. धूर बंद करणं, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम आणि लसी यांनीही फरक पडतो.

आणि एक साधी युक्ती. नाकाने दोन अंक मोजत श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून चार अंक मोजत हळू सोडायचा. त्याने आत थोडा दाब टिकतो, नलिका लगेच मिटत नाहीत. फिजिओथेरपिस्टने हे शिकवलं तेव्हा आजी हसली. म्हणाली, "हे तर फुंकणीसारखंच की रे!"

आता ती अंगणातून घरात मध्ये एकदाच थांबून येते. तुमच्या घरातही कुणी "वय झालं" म्हणून धापा टाकत असेल, तर एकदा स्पायरोमेट्री करून घ्या. आम्ही उशीर केला, तुम्ही करू नका.

भेटू पुढच्या भागात!