गोधडीचे मोल

घरात मूल जन्माला यावयाचे असले, की महाराष्ट्रातील कुटुंबांतून पूर्वी जुन्या लुगड्यांची शोधाशोध सुरू होई. झबली, टोपडी, कुंची आणि दुपटी यांच्या जोडीला बाळासाठी एक लहानशी गोधडी हवीच, असा रिवाज होता. या गोधडीला मायेची ऊब म्हणून गौरविण्याचा प्रघात आहे. तो गौरव खोटा नाही. अपुरा मात्र आहे. मायेचे कौतुक करताना गोधडीतील ज्ञान आणि श्रम यांचा हिशेब कोणी मांडलाच नाही. आज ती घरातून नाहीशी होऊ लागली असता, हा हिशेब मांडणे अगत्याचे झाले आहे.

बाळाच्या गोधडीला जुनेच कापड का लागते? केवळ काटकसर हे त्याचे उत्तर नव्हे. वर्षानुवर्षे धुतलेल्या सुती लुगड्यातील खळ निघून गेलेली असते, धागा मऊ झालेला असतो आणि तो ओल चटकन शोषतो. अशा कापडाचे चारपाच पदर एकावर एक ताणून अंथरायचे, सुरकुती राहू द्यायची नाही, कडा आत मुडपायच्या आणि काठापासून मध्याकडे धावदोरा घालत यायचे, ही तिची रीत. पदरांमध्ये कोंडलेली हवा ऊब धरून ठेवते. म्हणूनच गोधडी हलकी असूनही उबदार होते. गाठ पदराच्या आत दडवायची, कारण बाहेरची गाठ कोवळ्या कातडीला टोचते आणि सुटा दोरा इवल्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्तप्रवाह अडतो. पोथीत न लिहिलेले हे शास्त्र हातातून हातात येत राहिले.

या शास्त्रात नव्या ज्ञानाची भर घालणेही आवश्यक आहे. पहिल्या वर्षात बाळ झोपलेले असता त्याच्या अंगावर सैल वा जड पांघरूण आणि अंगाखाली मऊ, जाड बिछाना असू नये, असे आजचे बालरोगतज्ज्ञ बजावतात. त्याने श्वास कोंडण्याचा धोका असतो. तेव्हा तान्ह्या बाळाची गोधडी त्याच्या जागेपणी खेळण्यासाठी अंथरावी आणि पांघरण्यासाठी काढावी ती वर्ष उलटल्यावर. परंपरेचा मान यामुळे उणावत नाही.

गोधडी मागे पडली, ती आजकालच्या आयांची माया आटली म्हणून नव्हे. घरातले कापडच बदलले. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने सूत आणि कृत्रिम धागा यांच्या वापराबाबत गिरण्यांना मोकळीक दिली आणि कृत्रिम धाग्याच्या वाढत्या प्रसाराला आणखी बळ मिळाले. न विटणाऱ्या, न चुरगळणाऱ्या साड्यांनी स्त्रियांचे कष्ट काही अंशी हलके केले, हे नाकारता येणार नाही. परंतु पॉलिएस्टर कितीही जुने झाले तरी सुताप्रमाणे ओल शोषू लागत नाही, आणि आगीजवळ ते वितळून अंगाला चिकटते. नऊवारी लुगड्यातून सुमारे सव्वाआठ मीटर सुती कापड हाती येई. तो साठाच आटल्यावर गोधडी शिवायची कशाची?

आता श्रमांकडे पाहू. एक मीटर लांब आणि तितक्याच रुंद गोधडीवर दोन दोन सेंटिमीटरांच्या अंतराने धावदोरा घातला, तर शिवणीची एकूण लांबी ५० मीटर भरते. सेंटिमीटरला एक टाका धरला तरी टाके झाले ५,०००. मिनिटाला दहा टाके या गतीने आठ तासांहून अधिक वेळ लागतो. धुणे, फाडणे, जुळवणे, सुई ओवणे हे सारे वेगळेच. म्हणजे लहानात लहान गोधडी ही किमान दोन दिवसांची मजुरी आहे. शहरातील प्रदर्शनांतून ती हस्तकला म्हणून विकत घेणाऱ्यांनी किमतीची घासाघीस करण्यापूर्वी हा गुणाकार मनाशी करून पाहावा. विकणाऱ्यांनीही शिवणारीच्या पदरात काय पडते, ते उघडपणे सांगावे.

जुन्या कापडाला टाके घालण्याची ही कला केवळ मराठी मुलखाची नाही. बंगालची कांथा आणि बिहारची सुजनी यांचे मूळ हेच. नवजात बालकासाठी शिवल्या जाणाऱ्या सुजनीच्या भरतकामाला भौगोलिक मानांकन लाभले. मात्र मानांकनाने नाव टिकते. हात टिकतात ते रास्त मजुरीने आणि शिक्षणाने.

या बाबतीत शाळांना पुष्कळ करता येईल. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाचा आग्रह धरला होता आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालविण्याची कल्पना मांडली आहे. त्यांतील दोन दिवस गावातील गोधडी शिवणाऱ्या बाईंना मानधन देऊन वर्गावर बोलवावे आणि मुलींबरोबर मुलांच्याही हाती सुई द्यावी. स्वतःच्या बोटांनी शंभर टाके घातलेल्या मुलाला पाच हजार टाक्यांचे मोल वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.