'जेवलात का?'चं उत्तर

माझी एक विद्यार्थिनी पुढच्या शिक्षणासाठी येत्या आठवड्यात सोलला चालली आहे. उरलेले रोजे तिथंच. परवा इफ्तारला आली ती वही घेऊनच. राजा सेजोंगनं १४४६ मध्ये जाहीर केलेली हंगुल लिपी तिला वाचता येते. थोरांना वस्तू देताना-घेताना दोन्ही हात लावायचे, जेवायला थोरल्यानं सुरुवात केल्यावरच आपण करायची, हेही पाठ. अडली होती एका साध्या वाक्यावर: 'बाप मॉगॉस्सॉयो?' बाप म्हणजे भात. भात खाल्लात का? (कोकणातल्या माणसाला ही भाषा आवडेल.)

कोरियात 'कसे आहात'च्या जागी हे सहज विचारतात. "सर, रोजा असताना 'हो' म्हटलं तर खोटं, 'नाही' म्हटलं तर ते जेवायला बसवतील."

मी म्हटलं, ही पोटाची चौकशी नाही, मायेची आहे. आपल्याकडे ओट्यावरची आजी करते तशी. तरी 'हो' म्हणू नकोस. 'गुमशिक', म्हणजे उपवास, हा शब्द शीक आणि हसून सांग. दारूचा पेला पुढे आला तरी असंच सरळ सांगायचं. लपवलं की रोज नवी सबब शोधावी लागते.

आणि रोजा तिथं अगदीच अनोळखी नाही. कोरियन युद्धात आलेल्या तुर्की सैनिकांमुळे अनेकांना इस्लामची ओळख झाली. सोलच्या इतेवॉन भागात सरकारनं दिलेल्या जागेवर १९७६ पासून मशीद उभी आहे, आसपास हलाल दुकानंही आहेत.

तिच्या अम्मीची काळजी मात्र निराळीच: "तिथं हिला सहेरीला उठवणार कोण?"